तपासणाऱ्याचं नाव

१

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टी आवडत नाहीत. त्या सांगणाऱ्यांचा तर मला रागच येतो. पण गेल्या तीन महिन्यांत जे झालं ते कुणीतरी नीट, पहिल्यापासून सांगायला हवं, आणि आमच्या कंपनीत नीट सांगणारं माणूस माझ्याशिवाय उरलेलं नाही. आणखी एक होतं. ही त्याचीच हकीकत आहे. लिहायला वेळ लागतोय, त्याचं कारण पुढे येईल.

मी विद्युलता. माहेर सांगलीचं. नवरा आवडी या उपनगरातल्या डिफेन्स फॅक्टरीत, म्हणून अकरा वर्षं चेन्नईत. नोकरी अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, लेथच्या दोन कारखान्यांच्या मधल्या इमारतीत. आम्ही एक डबी बनवतो, लहान वहीएवढी. हॉस्पिटलात खाटेशेजारी ठोके आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र असतं ना, ते नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडायची ही डबी. डबीचं बोलणं कॉम्प्युटरला कळायला मधे एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर जगवायचा, हे माझं काम.

जगवायचा हा शब्द मुद्दाम वापरला. त्या कॉम्प्युटरवर लिनक्स असतं. खुलं, फुकट, जगभरची माणसं मिळून लिहितात. चांगलं आहे, मी काही त्याची वैरीण नाही. पण दर दोन-अडीच महिन्यांनी त्याचं नवं व्हर्जन येतं, आणि दर वेळी आतल्या कुणीतरी शहाण्यानं काहीतरी हलवून ठेवलेलं असतं. काल चालणारा ड्रायव्हर आज उठत नाही. तो उठवला, की जुन्या व्हर्जनवर झोपतो. आणि हॉस्पिटलं जागची हलायला तयार नाहीत. एक दहा वर्षांपूर्वीच्या व्हर्जनवर बसलंय, दुसरं परवाच्या. आमच्या गिऱ्हाइकांत मिळून चौदा व्हर्जन, आणि डबी एकच. लोक मला विचारतात, तुझं काम काय? मी सांगते, चौदा जणांची चौदा तोंडं सांभाळते.

२

खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला आमची लॅब आहे. खिडकी नाही, एसी चोवीस तास. मांडणीवर चौदा जुने कॉम्प्युटर, प्रत्येकावर एक व्हर्जन, कधीच बंद न केलेले. प्रत्येकाच्या समोर एक डबी, तिच्यावर हिरवा दिवा. कपाळाला गेल्या आयुधपूजेचं, म्हणजे आपल्या खंडेनवमीचं, चंदन अजून वाळून चिकटलेलं.

ते चंदन सेतुमाधव मामांनी लावलेलं. मामा तंजावरकडचे मराठी, घराणं तीनशे वर्षं तिकडेच. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. जुन्या दस्तऐवजातनं माणूस उठून आल्यासारखी, आणि मधेच तमिळ. वय एकसष्ट. निवृत्तीनंतरही कंपनीनं ठेवून घेतलं, कारण त्यांच्यासारखी तपासणी करणारं दुसरं कुणी नव्हतं.

तपासणी म्हणजे काय? डबीची केबल हातानं ओढून काढायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची, दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं. असं चाळीस वेळा. एका मशीनला वीस मिनिटं. हसू नका. हॉस्पिटलात खाट सरकली की केबल निघते, दिवसातनं दहादा. एका जुन्या व्हर्जनवर सदतिसाव्या वेळी ड्रायव्हर गोठायचा, आणि नर्सच्या पडद्यावर शेवटचा आकडा तसाच उभा राहायचा. अठ्ठ्याण्णव. माणूस मेलं तरी अठ्ठ्याण्णव. हे मामांनी शोधलं, हातानं. यंत्रानं सापडलं नसतं, कारण यंत्र केबल सरळ ओढतं. माणसाचा हात थोडा हलतो, पिना मागेपुढे सुटतात.

मामा सकाळी अकराच्या ठोक्याला बसायचे. दहा वेळा झालं की थांबून टंबलरातला कापीचा, म्हणजे कॉफीचा, एक घोट, मग पुढचे दहा. केबलवर चिकटपट्टी असली तर ती फेकायचे नाहीत, सोडवून टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवायचे. मी घाईत केबल ओढली की मान वर न करता म्हणायचे, "सावकाश ओढ, विद्युलते. पिन वाकेल."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ड्रायव्हरमध्ये बदल केला की त्याच्याखाली नावं लिहायची. कुणी लिहिला त्याचं नाव, आणि पुढे 'टेस्टेड-बाय', म्हणजे ज्यानं खऱ्या मशीनवर, स्वतः बसून तपासला त्याचं. ती ओळ जगाला दिसते आणि पुसता येत नाही. मामा त्या ओळीला सही मानायचे. तपासल्याशिवाय त्यांनी ती कधी लिहिली नाही, आणि दुसऱ्यालाही लिहू दिली नाही.

३

जूनमध्ये मामांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. आणि आठ दिवसांवर नव्या ड्रायव्हरचं रिलीज होतं.

आमचा रिलीज मॅनेजर मकरंद, पुण्याचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लॅबमध्ये तो दोनदा आला असेल, दोन्ही वेळा पाहुण्यांना दाखवायला. मी म्हटलं, "मला दोन दिवस दे, मी बसून तपासते."

"दोन दिवस नाहीत गं. आणि बदल केवढा आहे? तीन ओळी. मागच्या वेळी सेतुमाधवांनी सगळं तपासलंच होतं की. त्यांचं नाव घाल."

"त्यांनी हे तपासलेलं नाही, मकरंद. ते हॉस्पिटलात आहेत."

"अगं, एक ओळ तर आहे!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी भांडले. खूप भांडले असं मी नंतर स्वतःला सांगत आले, पण खरं सांगायचं तर दहा मिनिटं भांडले आणि मग जेवायला गेले. जेवून आल्यावर ओळ लिहिली. टेस्टेड-बाय, सेतुमाधव. बोटं माझीच होती, मकरंदची नव्हे.

त्यावर कळस म्हणजे मकरंदनं ती ओळ स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या आज्ञांच्या यादीत, घालून घेतली. रोज पहाटे चौदाही व्हर्जनसाठी ड्रायव्हर आपोआप नव्यानं तयार होतो, त्याला बिल्ड म्हणतात. आता प्रत्येकाखाली आपोआप तेच नाव. रोज चौदा वेळा, न तपासलेलं.

४

मी वरच्या मजल्यावर बसते. लॅबमधली मशीनं आपापली नोंद लिहितात, ती माझ्या पडद्यावर येते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरंच काही शोधताना ती नोंद वाचायला घेतली.

पहिलं मशीन. अकरा वाजता केबल निघाली. दहा सेकंदांनी लागली. मग परत निघाली.

मला वाटलं, सैल झाली असेल. मोजलं. चाळीस वेळा. मग दुसऱ्या मशीनवर चाळीस. मग तिसऱ्यावर. एक ते दीड काही नाही, जेवणाची सुट्टी असल्यासारखं. मग पुढे, सव्वाचारपर्यंत, चौदाही.

कुणीतरी तपासतंय, चला, बरं झालं! मी खरंच खूश झाले. कुणाला तरी लाज वाटली म्हणायची. खाली जाऊन विचारलं. लॅबमध्ये जूनपासून कुणीच गेलेलं नव्हतं. दाराला कार्ड लागतं, त्याची यादी कोरी. मग उंदीर असतील. पण उंदीर चाळीस मोजतो का? मग शेजारच्या लेथची धडधड. पण लेथ रविवारी बंद असतं आणि नोंद रविवारचीही होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं एकदा म्हणता येतं, पाचशे साठ वेळा नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना जिन्यात उभी राहिले. पहिली ओळ फोनवर आली तशी धावत जाऊन दार उघडलं. आत एसीचा आवाज, चौदा हिरवे दिवे, कुणी नाही. पहिल्या मशीनची केबल किंचित झुलत होती. एसीचा वारा, मी म्हटलं. आणि मग सगळ्या केबली चिकटपट्टीनं करकचून बांधून टाकल्या. आता ओढ म्हणावं!

संध्याकाळी परत गेले. केबली जागच्या जागी, डब्यांत. चिकटपट्ट्या टेबलाच्या कडेला, एकाखाली एक, सरळ लावलेल्या.

मी त्या मोजल्या नाहीत. वर आले, पाणी प्यायले आणि नोंद परत वाचली. या वेळी वेळा बघितल्या. दहा ओढी, मग मिनिटभर काहीच नाही. दहा ओढी, मग मिनिटभर काहीच नाही.

५

मामांचं घर वेस्ट मांबलमला, आर्य गौडा रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. बुधवारी सकाळी स्कूटी काढली. वडपळनीच्या सिग्नलवर उभी असताना स्वतःलाच शिव्या घातल्या, की सहा आठवडे झाले, तू एकदा बघायला आली नाहीस आणि आता येतेस ती नोंद घेऊन.

दार अलमेलू मामींनी उघडलं. दीड महिन्यात निम्म्या झाल्या होत्या. "आलीस कां, विद्युलते? ये, ये. निजले आहेत पाहा. काप्पी घेशील?"

खोलीत खाट, औषधांचं स्टूल, भिंतीवर राघवेंद्रस्वामींची तसबीर. मामा उताणे, डोळे मिटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात चादरीवर. त्याच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला पट्टी बांधली होती.

"हाताला काय झालं, मामी?"

मामी दारातच उभ्या राहिल्या. "तेंच तर सांगायचं होतं कुणांस तरी. डॉक्टर बोलितो, हा हात मेला आहे, हलणार नाही. सरी, बरं, म्हटलं. पण अकरा वाजले की पाहा गो तूंच. चौथा आठवडा आहे. कातडी सोलून गेली."

मी घड्याळाकडे पाहिलं. अकराला दोन मिनिटं होती. फोन काढून मांडीवर ठेवला, लॅबची नोंद उघडून.

अकरा वाजता मामांचा हात उठला. डोळे मिटलेलेच. अंगठा आणि बोट चिमटीत आलं, पट्टीवर पट्टी, आणि हात हलकेच मागे आला. सावकाश. जरासा डावीकडे हलत. माझ्या मांडीवर फोन थरथरला. पहिलं मशीन, केबल निघाली.

हात हवेत थांबला. मी मोजलं. दहा. हात पुढे गेला. फोन थरथरला. केबल लागली.

दहा ओढी झाल्या आणि हात चादरीवर उतरला. मामांचे ओठ पुढे आले, एक घोट घेतल्यासारखे, घशाची घाटी हलली. मग हात परत उठला.

"सव्वाचारपर्यंत," मामी म्हणाल्या. "एक वाजतां अर्धा तास टेकतो. आम्ही धरून पाहिला. माझा भाऊ आला होता, तो बसला त्यावर. तो दम लागून उठला. डॉक्टर बोलितो, हृदय थकलं आहे, निजूं द्या, विश्रांती नसली तर एवढा महिना काढणार नाहीत. निजवायचं कसं, अय्यो, तूंच सांग. हात निजत नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, नुसतंच. "तुमच्या ऑफिसचं काम अजून संपलं नाही कां गो?"

कापी तशीच ठेवून मी निघाले. जिन्यात बसून रडले. मग रडायचा राग आला आणि उठले.

६

"मकरंद, ती ओळ काढ."

"कुठली?"

मी सगळं सांगितलं. नोंद दाखवली. हाताचं सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे मान हलवत होता आणि लॅपटॉपवर टाइप करत होता.

"विद्युलता, तुला सुट्टीची गरज आहे."

"मला त्या माणसाचं नाव स्क्रिप्टमधून निघायची गरज आहे."

"नाव काढलं तर तिथे काय दाखवायचं? तपासणारं कुणी नाही म्हणून? हॉस्पिटलं पहिली ती ओळ बघतात." त्यानं हसून हात पसरले. पांढरे, गुबगुबीत हात, आयुष्यात एक केबल न ओढलेले. "एका ओळीसाठी एवढं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं ज्या माणसानं खोटी सही केली नाही, तो मरणाच्या दारात पडलाय, आणि हे त्याच्या नावावर मुकादमासारखे काम काढून घेतायत! त्या क्षणी मला मकरंदचंच नाव तिथे घालायचा मोह झाला नाही, असं मी म्हणणार नाही. स्क्रिप्ट उघडायचा अधिकार मलाही होता. ओळ उघडली, त्याच्या नावाची तीन अक्षरं लिहिलीसुद्धा.

मग पुसली. तो चांगला आहे म्हणून नव्हे. खोटं नाव खोटंच, मग ते कुणाचं का असेना, आणि पहिलं खोटं मी लिहिलं होतं. खाई त्याला खवखवे.

७

शनिवारी मी सकाळी नऊला ऑफिसात आले. स्क्रिप्टमधून मामांचं नाव काढलं, माझं घातलं, आणि एक अट लिहिली. मी स्वतः लॅबमध्ये बसून ज्या मशीनवर चाळीस ओढी करीन, त्याच्याचखाली माझं नाव लागेल. नाही केल्या तर ओळ कोरी. मग खाली गेले. पण पहाटेचा बिल्ड आधीच होऊन गेला होता, मामांच्या नावानं, चौदा वेळा. त्या दिवसाचं काम त्यांच्यावर चढलेलं होतं.

पहिल्या मशीनसमोर साडेदहाला बसले. ओढ, दहा, लाव, हिरवा. सोपं नाही हो. विसाव्या ओढीला अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पहिलं संपवून मी दुसरं धरलं.

अकरा वाजले ते मला घड्याळानं नाही, एसीनं सांगितलं. त्याचा आवाज क्षणभर अडखळला. माझ्या पाठीमागच्या मांडणीवर टिक् असं झालं. केबल निघाल्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

मी लगेच वळले नाही. वळायचं नाही असं ठरवत होते. मग चीड आली, या खोलीत अकरा वर्षं काम केलंय मी. वळले.

नवव्या मशीनचा दिवा विझलेला. त्याच्या केबलचं टोक डबीपासून बोटभर बाहेर होतं. सुटलेली केबल खाली लोंबते. ही लोंबत नव्हती, हवेत आडवी उभी होती. टोकाच्या काळ्या रबरावर दोन खळगे होते, एक वर, एक खाली. वरचा खळगा हळूच थोडा खोल झाला.

मी मनात मोजत होते, हे मला नंतर कळलं. सात, आठ.

"मामा," मी म्हणाले. माझा आवाज मला लहान मुलीसारखा वाटला. "मामा, सोडा. चुकलं माझं. आता मी करते. सगळी करते."

रबर फुगून पूर्ववत झालं आणि केबल खाली पडली. टेबलाच्या कडेला आपटून लोंबायला लागली. मी जाऊन उचलली. एवढ्या थंड खोलीत ती कोमट होती.

मी चौदाही मशीनं केली. मामांच्या हिशेबानं केली, दहा झाले की थांबले. कापी नव्हती, बाटलीतलं पाणी प्यायले. सात मशीनं उजव्या हातानं, मग हात बधिरला तरी उजव्याच हातानं. साडेतीनला शेवटचा दिवा हिरवा झाला, तेव्हा फोन वाजला.

"विद्युलते," अलमेलू मामी म्हणाल्या, "हात निजला गो. अकरांसच निजला. मी आतांपर्यंत थांबले, खोटं ठरेल म्हणून. ते घोरतायत."

अंबत्तूर इस्टेटच्या फाटकाशी उभं राहून मी एकटीच दोन कप चहा प्यायले. आयुष्यात एवढं हलकं वाटलं नव्हतं.

८

बारा दिवस शांततेत गेले. मामा जेवायला लागले. मी दर आठवड्याला चौदा मशीनं करायची ठरवलं आणि केलीही.

तेराव्या दिवशी सकाळी दहा चाळीसला कंपनीची मेल आली. आनंदाची बातमी, आमची डबी आता लिनक्सच्या एकसष्ट व्हर्जनवर चालते. खाली यादी. चौदा आमची. सत्तेचाळीस अशी, की ज्यांचं मशीन आमच्या लॅबमध्ये कधी नव्हतंच. प्रत्येकासमोर एकच ओळ. टेस्टेड-बाय, विद्युलता.

मकरंदच्या केबिनचं दार मी ढकललं, वाजवलं नाही. "कुणी केलं हे?"

"अगं बस ना. तुझ्याच स्क्रिप्टनं. नाव तुझं छान आहे, चालू दिलं. ती अट तेवढी काढली, रोज अडवत होती."

"सत्तेचाळीस व्हर्जन मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत!"

"कोड तोच आहे ना? तू चौदांवर तपासलास ना? मग?" त्यानं आवाज खाली आणला. "आणि न विचारता स्क्रिप्ट बदललीस, म्हणून तुझा ॲक्सेस काल काढलाय. मनावर घेऊ नकोस. एक ओळ तर आहे."

"मकरंद, आत्ताच्या आत्ता काढ ती. माझ्यासमोर. आज पहाटे बिल्ड झालाय, एकसष्ट वेळा..."

त्याच्यामागच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

माझा उजवा हात टेबलावरून उठला. मी उचलला नाही. अंगठा आणि बोट जवळ आलं, आणि त्यांच्यात काहीतरी होतं. दिसत नव्हतं. पण रबर होतं ते, मी खात्रीनं सांगते. थंड नव्हतं, आमच्या लॅबमधलं नव्हतं. डेटॉलचा वास आला. चिमटीतली केबल दुसऱ्या टोकाकडून किंचित ताणली जात होती, आणि सुटत होती, ताणली जात होती, आणि सुटत होती. कुणीतरी श्वास घेत होतं तिकडे. कुठलं गाव, कुणाची खाट, मला माहीत नाही. तपासायला आमच्याकडे मशीन नव्हतं ना. मशीन त्यांच्याच उशाशी होतं.

"काय झालं?" मकरंद म्हणाला. तो माझ्या हाताकडे बघत होता आणि त्यानं खुर्ची मागे सरकवली होती. "विद्युलता, हात खाली घे."

हात मागे गेला. टिक्. तिकडचा ताण संपला. तिथल्या नर्सच्या पडद्यावर आता काय दिसत असेल? आकडा गेला असेल, की तसाच उभा असेल? मी मोजायला लागले, दुसरं काय करणार होते? एकसष्ट मशीनं, प्रत्येकी वीस मिनिटं. वीस तास वीस मिनिटं, रोज.

दहा. हात पुढे गेला. चिमटीत परत श्वास आला. मला रडू फुटलं.

डाव्या हातानं फोन उचलला, वाजत होता म्हणून. अलमेलू मामी. आनंदानं ओरडत होत्या.

"बोलले गो, विद्युलते! आत्तां, या क्षणीं! डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य तुझ्याच नावानं. 'विद्युलतेस सांग,' म्हणतात, 'सावकाश ओढ. पिन वाकेल.' दोनदां बोलले. घाम सुटला आहे त्यांस, डोळ्यांत पाणी आहे. काय ओढते आहेस गो तूं?"

हात परत मागे येत होता. मी दात आवळून तो जमेल तितका सावकाश येऊ दिला.